तिला कुणी धाडलं

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. नोकरीतून सुटल्यावर मी तीन वह्या भरल्या. एकीत गावातल्या विहिरी आणि कुणाच्या शेताची पट्टी कुठं होती ते लिहिलं, दुसरीत खात्यातले दिवस, तिसरीत शहर आमच्या पडेगावच्या पुढं कसं कसं पसरत गेलं ते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत त्यातली पानं वाचून दाखवली, लोकांनी वाहवा केली. एकानं विचारलं, "तुमच्या लिखाणात घरचं माणूस कसं दिसत नाही हो?" मी म्हणालो, "घरचं काय लिहायचं, सगळ्यांकडं सारखंच असतं." आणि वही मिटली.

आमच्या भावकीत एक गोष्ट पक्की ठरलेली आहे. माझी मुलगी लहानपणी आईच्या लाडानं बिघडली, आईला ती सांभाळवेना, म्हणून आईनं तिला गंगापूरला आत्याकडं धाडून दिलं, आणि आत्यानं तिला माणसात आणलं. ही गोष्ट लग्नात, बारशात, मयतीला बसलेलं असतानासुद्धा माझ्यासमोर सांगितली गेली आणि दर वेळी मी मान हलवली. ती गोष्ट खोटी आहे. ती मी तयार केली. माझी बायको ती अंगावर घेऊन गेली आणि मुलगी आजही ती खरी धरून चालते आहे.

आमचं गाव देवगाव रंगारीपासून आत. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी कडेवर होतो, मला त्यातलं काही आठवत नाही. पण आमच्या घरात त्याआधीचाच अंमल पुढं पुष्कळ वर्षं चालू राहिला. माझ्या वडिलांना सगळे आबा म्हणत. निजामाच्या शाळेत उर्दूत चार इयत्ता झालेले, सरकारी कागद वाचून दाखवायला लोक त्यांच्याकडं यायचे. त्यांचा आवडता शब्द होता 'लिहाज'. थोरांपुढं आवाज चढवायचा नाही, त्यांच्या बरोबरीनं बाजेवर बसायचं नाही, त्यांच्यासमोर बायकोशी बोलायचं नाही, आणि स्वतःच्या लेकराला हात लावायचा नाही. यातलं शेवटचं आजच्या पोरांना खोटं वाटेल. थोरल्यांच्या देखत आपलं मूल उचलून घेणं हा बेशरमपणा समजत. भावाचं मूल घेतलेलं चालायचं, उलट त्याचं कौतुक व्हायचं. आपलं मूल रडत असलं तर दुसऱ्या कुणी उचलेपर्यंत आपण दुसरीकडं बघत राहायचं.

मूलही बापाला बाप म्हणायला शिकायचं नाही. धाकटी भावंडं मला भाऊ म्हणायची, म्हणून माझी मुलगीही भाऊ म्हणायला लागली. तिच्या आईला सगळं घर वहिनी म्हणायचं, म्हणून तीही वहिनीच म्हणायची. आई म्हणजे माझी आई.

मी तेव्हा शहरात एकटा खोली करून राहत होतो. पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचा, हे माझं काम. धरणाची भिंत, कालवे, पाटचाऱ्या. रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडावी लागायची. माझा हात चांगला होता, मला खरवडायची वेळ क्वचित यायची. दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी गावी जायचो. एकदा असाच गेलो. ओट्यावर आबा, चुलते आणि गावातली दोन जुनी माणसं बसलेली. मुलगी दोन वर्षांची होती. मला बघून ती दोन्ही हात वर करून अंगणातून पळत आली. तिच्या मागं धाकट्या भावाचा मुलगा. मी वाकलो आणि पुतण्याला उचललं.

ती तिथंच माझ्या पायाशी उभी राहिली, हात तसेच वर. मग तिनं ते खाली घेतले. रडली नाही. आबा चुलत्यांना म्हणाले, "पोरगं शहरात गेलं, पण लिहाज नाय सोडला त्यानं." मला त्या वाक्यानं आनंद झाला होता. तोही लिहून ठेवतो, कारण हात वर करून उभी असलेली मुलगी मला जितकी आठवते तितकाच तो आनंदही आठवतो.

ती शाळेच्या वयाची झाल्यावर दोघींना शहरात आणलं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा आडोसा. इथं आबा नव्हते आणि ओटाही नव्हता. शेजारच्या पोरींचं ऐकून मुलगी महिन्याभरात वहिनीला आई म्हणायला लागली, तिला अगंतुगं करायला लागली. बायकोला त्याचं इतकं अप्रूप की भाकरी थापता थापता म्हणायची, "काय म्हणलीस? पुन्यांदा म्हण." मुलगी पुन्हा म्हणायची. दिवसातून दहादा हा खेळ. मी मात्र भाऊच राहिलो, आणि माझ्याशी 'तुम्ही'च. मला कुणी अडवलेलं नव्हतं. बघायला कुणी थोरलं माणूस नव्हतं. तरी माझा हात पुढं झाला नाही. पुढं केला तर तिथं कुठं ठेवायचा तेच मला येत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण पुतण्याला उचलताना तो कुठं ठेवायचा ते मला बरोबर येत होतं.

मी तिला मारलं नाही. दोनदा असेल, तीनदा असेल. माझी रीत वेगळी होती. कचेरीत माझ्या रेघा तपासायला वरचा माणूस होता, घरी मी तिच्या तपासायचो. अक्षर, पाढे, वेणी, पाण्याचा पेला कुठं ठेवला ते. चूक निघाली की मी बोलणं बंद करायचो. दोन दिवस, चार दिवस. ती जेवायला समोर येऊन बसली की मी माझं ताट उचलून तिच्याकडं पाठ करून बसायचो. चुकीचं नाव सांगायचो नाही, तिनंच ती हुडकून काढायची. बायको म्हणायची, "अहो, सांगून तरी टाका काय केलं तिनं." मी म्हणायचो, "तिला ठाऊक हाय." पुष्कळदा तिला ठाऊक नसायचं. एकदा तर चौथ्या दिवशी मलाही आठवेना. तरी मी पाठ फिरवूनच जेवलो, कारण एकदम तोंड फिरवणं बरं दिसलं नसतं.

तिसरीत असताना तिच्या भुवया विरळ व्हायला लागल्या. पुस्तक पुढं घेऊन बसायची आणि नखानं एकेक केस ओढत राहायची, आपण ओढतोय हे तिला कळायचंही नाही. बायकोनं आधी जंताचं औषध दिलं, मग दृष्ट काढली, मग एरंडेल लावलं. सहा महिन्यांत उजवी भुवई जवळजवळ गेली, डावी अर्धी राहिली. शेवटी ती मुलीला घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडं गेली. मला न विचारता गेली आणि येऊन मला सांगितलं.

"बाई म्हणल्या, औषध कशाचंच नाय. पोरीच्या मनात घरातली कशाची तरी धास्ती हाय."

"घरात वाघ बांधलाय का?"

"त्यांनी विचारलं, बाप कसाय. मी म्हणलं चांगलाय. तर म्हणल्या, मग त्यांना सांगा, रोज अर्धा तास हिला जवळ घेऊन बसा. अभ्यास सोडून दुसरं काय बी बोला."

"अभ्यास सोडून तिच्याशी काय बोलायचं असतं?"

"कचेरीत काय केलं ते सांगा. तुमच्या शाईच्या पेनांचं तिला लई याड हाय."

मी म्हणालो, "हे सगळे नखरे हायेत. तूच लाडावून ठेवलीयस तिला." ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. बोलायला सोपं गेलं.

तरी एकदा मी तिला बसवलं. रेघ ओढायचं पेन दिलं, टाचणीच्या टोकाएवढी शाई कशी भरायची ते दाखवलं. तिचा चेहरा कधी नव्हे तो उजळला. तिनं रेघ ओढली, मधेच ती फुगली. मी "असं नाही" म्हणून पेन काढून घेतलं आणि स्वतः ओढून दाखवली. मग दुसरी, मग तिसरी. मी वर बघितलं तेव्हा ती उठून आत गेलेली होती. डॉक्टरीणबाईंच्या अर्ध्या तासातली पाच-सात मिनिटं झाली असतील. पुन्हा मी तिला बसवलं नाही.

ती नऊ वर्षांची असताना आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं दीड महिना राहायला आले. बायकोला धसका बसला. मुलीची ती भुवई आबांनी बघितली तर? रोज सकाळी उठल्या उठल्या ती मुलीला आतल्या खोलीत घ्यायची आणि काजळानं भुवया काढून द्यायची. मला पहिल्याच दिवशी कळलं. रेघांवर माझं पोट होतं, हातानं काढलेली रेघ मला लांबून कळायची. उजवी डावीपेक्षा केसभर वर होती. मी काही बोललो नाही. त्या घरातल्या माझ्या चांगल्या वागण्याची यादी करायची झाली तर ते न बोलणं तीत घालावं लागेल, यावरून यादी ओळखावी.

आबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली तो रविवार होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वच्छ दिसत होतं. काळा चष्मा वर-खाली करून ते एकेक वस्तू बघत होते, खुशीत होते. "अरे, तुझे केस पिकले की रे," असं मला म्हणाले. मग मुलीला हाक मारली.

"इकडं ये गं. बघू तुझं थोबाड. ह्या भुवया कुणी कोरल्या? शाळंत जाती का तमाशात?"

बायको दाराआडून म्हणाली, "काजळ हाय आबा, थंड असतं म्हणून."

"डोळ्याला थंड असतं. कपाळाला कशापायी?" असं म्हणून आबा हसले. मुलगीही घाबरत थोडंसं हसली. ते तिथंच संपलं असतं. आबा दुसरं काहीतरी बघायला लागले असते.

मी उठलो. आपल्या घरात बायका-पोरी नटतात आणि आपण बघत बसतो असं आबांना वाटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पंच्याचं टोक तांब्यात बुडवलं, मुलीची हनुवटी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं दोन्ही भुवया पुसून काढल्या. थोरल्यांच्या देखत मी माझ्या मुलीला लावलेला तो पहिला हात. त्याला कुणी बेशरमपणा म्हणालं नाही.

खाली काहीच नव्हतं. ओलं, उघडं कपाळ आणि दोन ठिकाणी लाल झालेलं कातडं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. आबांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला सांगायलाच हवं. ते घाबरले होते. "हे काय झालं रे लेकराला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याची संधी मला तेव्हाच मिळाली होती. मी म्हणालो, "सवय लागलीय आबा. तिची आई लाड करती, ऐकत नाय."

आबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हिला गंगापूरला धाड. अक्काकडं." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिचं सासर गंगापूरला, उसाची शेती, भरलं घर. आबांना यात काही कठोर वाटलं नसणार. रझाकारांच्या दिवसांत त्यांनी याच अक्काला, तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती, बैलगाडीत घालून कन्नडचा घाट उतरवून खानदेशातल्या नातलगांकडं धाडलं होतं, आणि ती सुखरूप राहिली होती. लेकराला धोका असला की ते घरातून लांब धाडायचं, हे आबा अनुभवानं शिकलेले होते. धोका कोणता हे तेवढं त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी म्हणालो, "व्हय, धाडतो."

तेव्हा दाराआडून बायको बोलली. सासऱ्यासमोर इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "आजारी लेकराला घराबाहेर धाडतेत का कुणी?" आबांनी माझ्याकडं बघितलं. मी तांब्या उचलून जागेवर ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी मी मुलीला घेऊन एस.टी. स्टँडवर गेलो. बायको दारापर्यंत आली. तिनं बांधून दिलेल्या दशम्या मुलीच्या मांडीवर होत्या. गाडी लागायची होती, आम्ही बाकावर बसलो. मुलीच्या कपाळावर स्कार्फ ओढलेला. थोड्या वेळानं तिनं विचारलं,

"भाऊ, मला कुणी धाडलं?"

"कुणी म्हणजे?"

"आबांनी का तुम्ही?"

तिनं तिसरं नाव घेतलंच नव्हतं. ते तिच्या मनातही नव्हतं. आबांचं नाव घ्यावं तर लिहाज आडवा आला, बापाला लेकरासमोर कसं दोषी करायचं! माझं घ्यावं तर ती माझ्याकडं बघत होती. घरात जिचं नाव घ्यायला कुणाची भीती नव्हती अशी एकच बाई होती.

मी म्हणालो, "तुझी आईच म्हणली. तिला नाय होत तुझं. मी नकोच म्हणत होतो."

शेवटचं वाक्य तर कुणी मागितलंही नव्हतं. ते मी वरून घातलं. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि मग माझ्या शर्टाची बाही धरली. गंगापूर येईपर्यंत सोडली नाही. मला ते आवडलं. माझ्या लेकरानं मला पहिल्यांदा आपणहून धरलं होतं, आणि ते मी असं मिळवलं होतं.

दोन महिने ठरले होते, सहा वर्षं झाली. दहावीपर्यंत ती तिथंच शिकली. आणि वर्षभरात तिच्या भुवया परत आल्या. दाट, पहिल्यासारख्या. सगळ्या भावकीला पुरावा मिळाला. आईपासून लांब गेली तशी पोर सुधरली. कुणाच्याही मनात आलं नाही की ती आणखी एका माणसापासूनही लांब गेली होती. मला पहिल्या दिवाळीलाच दिसलं. अक्काचे यजमान, आमचे दाजी, बोलका माणूस. ते तिला बैलगाडीत उसावर बसवून रानात न्यायचे, बैलांना पाव्हणे म्हणायचे, तिच्या वेण्यांना दोर म्हणायचे, दिवसभर काहीतरी बडबडायचे. स्वतःच्या मुलांशी तेही माझ्याइतकेच तुटक होते. ही त्यांची नव्हती, म्हणून चालत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं औषध तिला मिळालं, बापाकडून नाही एवढंच.

एका लग्नात माझ्या चुलतीनं चारचौघींत बायकोला हटकलं. "काय गं, एक लेक सांभाळायला जमंना व्हय? आम्ही सहा सांभाळल्या."

बायको म्हणाली, "तुमच्या सहाच्या सहा तुमच्यावर गेल्यात काकी, त्यांना सांभाळायचं काय!" बायका हसल्या. चुलतीचं तोंड उतरलं. मी तिथंच पंगतीत वाढत होतो. मीही हसलो आणि बुंदीचं ताट घेऊन पुढं सरकलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं ते मी पाहिलं नाही असं केलं.

बायकोला खरं कळलं ते दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात. मुलगी सुट्टीत आठ दिवस आली होती. आल्यापासून आईला 'वहिनी' म्हणत होती आणि 'तुम्ही' म्हणत होती. बायकोला वाटलं, अक्काकडची सवय. चौथ्या दिवशी तिनं हसत हसत म्हटलं, "आता आई म्हण की. पुन्यांदा शिकवू का?"

मुलगी म्हणाली, "तुम्हीच धाडलं ना मला."

मी कचेरीतून आलो तेव्हा बायको पाट्यावर काहीतरी वाटत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "स्टँडवर तुम्ही तिला असं सांगितलं?" मी जोडे काढत राहिलो. तिला उत्तर मिळालं. मला वाटलं आता ती ओरडेल, मुलीला बोलावून समोर उभी करेल. मी त्याची तयारीही केली होती. नाकबूल करणार होतो.

तिनं वाटण काढून घेतलं, पाटा धुतला आणि म्हणाली, "आता मोडू नका ते. आई गेलीच तिची. बाप तरी राहू द्या. दोघंबी गेलो तर ती कुणाकडं बघल?" आणि मग, "मोठी झाली की सांगा तिला. तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगितलं तर खरं वाटायचं नाय."

नंतर मी स्वतःशी यातला पहिला भाग फार वेळा घोकला. तिनंच मला गप्प राहायला सांगितलं होतं. दुसरा भाग मी सोडून द्यायचो.

तिनं मला दोनदा आठवण केली, बस. एकदा मुलीचं लग्न ठरलं तेव्हा. मी म्हणालो, "आता शुभकार्याच्या वेळी कशाला?" दुसऱ्यांदा मुलीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. बायकोनं सातव्या महिन्यापासून तयारी केली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, झबली-टोपडी, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा निवडून ठेवल्या. मुलीनं पत्र पाठवलं ते माझ्या नावानं. "मी गंगापूरला आत्याकडं जाते आहे. वहिनींना त्रास नको." बायकोनं पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग सगळं एका पिशवीत भरून मला दिलं. "न्या. आणि ह्या खेपंला बोला."

मी गेलो. मुलगी बाळंत होऊन बाजेवर पडलेली, शेजारी बाळ, तिलाही मुलगीच झाली होती. अक्का चुलीकडं. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिनं पिशवी उघडली, दुपट्यावरून हात फिरवला. "किती मऊ आहेत. कुणी शिवली?"

"घरूनच आलीत," मी म्हणालो.

"आणि लाडू?"

"तेही घरूनच."

तिनं एक लाडू खाल्ला. "चांगले झालेत," म्हणाली. मी चहा घेतला आणि साडेचारच्या गाडीनं परत आलो. बायकोनं विचारलं, "बोललात?" मी म्हणालो, "पाहुणे होते." त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी ती गेली, पडेगावच्या घरात. शेवटचे आठ दिवस मुलगी नाशिकहून येऊन राहिली. पाणी पाजायची, अंग पुसायची, कुशीवर वळवायची, सगळं नीट, वेळच्या वेळी. जशी एखादी चांगली नर्स करेल तसं. "वहिनी, थोडं वर होता का?" असं विचारायची. एका दुपारी बायकोनं डोळे उघडले. मुलगी उशाशी बसली होती, मी पायाशी. बायकोनं तिच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. बोलायची ताकद नव्हती, गरजही नव्हती. ती काय मागते आहे ते मला कळलं. मी उठून म्हणालो, "दूध संपलं असेल, घेऊन येतो." घरात दोन पिशव्या दूध होतं. मुलीनं तसं सांगितलंही. तरी मी चपला घालून बाहेर पडलो आणि दौलताबाद रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीवर तासभर बसलो. दोन दिवसांनी सगळं संपलं.

आता मुलगी मला दर रविवारी फोन करते. गोळ्या विचारते, थंडीत कानटोपी पाठवते, वर्षातून दोनदा येऊन घर आवरून जाते. म्हाताऱ्यांच्या बैठकीत माझा हेवा करतात. ती पन्नाशी ओलांडून गेली, तरी स्वतःच्या मुलीला तिनं कधी शाळेच्या सहलीलासुद्धा पाठवलं नाही, कॉलेजही घराजवळचंच बघितलं. नात त्यावरून भांडते. मागं एकदा फोनवर मुलगी म्हणाली, "भाऊ, मी तिला म्हणते, मला तरी बाप होता माझ्या बाजूनं बोलणारा. आई असून लेकराला लांब कसं धाडवतं, ते मला अजून कळलं नाही." मी म्हणालो, "जाऊ दे आता." असा मी उदार म्हातारा.

या दिवाळीत ती आली होती. सकाळची उन्हात बसली होती, मेथी निवडत. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. आठवडाभर मनात जुळवलं होतं. म्हणालो, "बाई, एक सांगायचंय तुला. तुझ्या आईचं."

तिचे हात थांबले. चेहरा बंद झाला, तिच्या आईचं नाव निघालं की होतो तसा. "गेलेल्या माणसाचं कशाला काढता भाऊ? मी काही मनात ठेवलं नाही. तुम्ही त्रास करून घेऊ नका." आणि उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी काढायला लावायला हवा होता. त्यावर माझा हक्क नव्हता. मी तो तसाच राहू दिला, आणि ती आत गेली.

जे जुळवलं होतं ते असं होतं:

बाई, तुला तुझ्या आईनं धाडलं नाही. मी धाडलं. ती एकटी नको म्हणाली होती, आणि मी तिच्या विरुद्ध गेलो. स्टँडवर तुला खोटं बोललो, कारण तू माझ्याकडं बघत होतीस आणि मला ते सोसेना. तुला जे होत होतं ते माझ्यामुळं होत होतं, तिच्यामुळं नाही. तुझ्या बाळाची दुपटी तिनं शिवली, लाडू तिनं केले, तुझी वाट तिनं बघितली. तिनं मला तीनदा सांगितलं की लेकीला खरं सांगा, आणि मी तिच्या डोळ्यादेखत उठून गेलो. तिची माफी मागायची वेळ मी घालवली. तू मला माफ करू नकोस, ते मी मागत नाही. फक्त तिला एकदा आई म्हण. आणि माझं चुकलं, बाई. माझं चुकलं.